वेगळा कप

सासूबाईंनी सूनबाईचा कप उकळत्या पातेल्यातून चिमट्यानं काढला, तेव्हा सूनबाईचा संयम संपला.

सातवा महिना चालू होता. सांधेदुखी तिला लग्नाआधीपासूनची. शरीराची राखण करणारी फौज तिच्याच बोटांवर, गुडघ्यांवर तुटून पडायची. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यात काविळीचा विषाणू यकृतात जुन्या भाडेकरूसारखा ठाण मांडून बसलेला. फौज आवरायला गोळ्या घ्याव्यात तर भाडेकरू माजायची भीती, म्हणून त्याच्यासाठी आणखी गोळ्या. दोन डॉक्टरांच्या मध्ये तिचा पार चेंडू झाला होता. बाळाला जन्मताच लस टोचायची, एवढं मात्र दोघांनाही मान्य होतं.

तेही तिनं हसत सोसलं असतं. सोसवत नव्हता तो हा कप. फौज आवरायच्या नव्या गोळ्या सुरू झाल्यापासून तिचं ताट वेगळं, टॉवेल वेगळा. सासूबाई तिच्याशी बोलायच्या त्या तोंडाला रुमाल लावून. भेटायला आलेल्या शेजारणींना तर दारातूनच वाटेला लावायच्या. नवऱ्याला सांगावं, तर तो "आईचं मनावर घेऊ नकोस" म्हणून कामावर पळायचा. उद्या बाळालाही हे घर असंच चिमट्यानं उचलेल, या धास्तीनं तिला रडू यायचं.

"आई, माझी कावीळ कपबशीनं लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मला कशाला सांगतेस? मला माहीत आहे," सासूबाई रुमालाआडून म्हणाल्या.

म्हणजे कळूनसवरून चाललं होतं तर. सूनबाईनं सासूबाईंचा अर्धा प्यालेला चहा उचलला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत संपवला. सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. सूनबाईला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

"आता सांगा. बाळाची वाटीही वेगळी ठेवणार?"

"ठेवणार. उकळून ठेवणार." सासूबाईंनी रुमालात सटासट तीन शिंका दिल्या. "अगं शहाणे, त्या गोळ्यांनी तुझ्या अंगात साध्या सर्दीलाही अडवायला कुणी उरलं नाही. इतके दिवस या घरातली एक शिंक तुझ्यापर्यंत पोचू दिली नाही मी, आणि आज तू माझी सर्दी घटाघटा प्यायलीस."