सत्तावीस गोळ्या

"नाव खोडलंत ना?" वर्ग घेणाऱ्या मिसेस कोवालचुकनी विचारलं.

हेल्मीनं मान हलवली आणि बाटली टेबलावर ठेवली. लेबलावरचं नाव तिनं घरूनच काळ्या शाईनं गिरगटून टाकलं होतं. औषधांच्या दुकानात कामाला लागू पाहणाऱ्यांचा हा वर्ग. घरात पडून असलेलं एखादं साधं औषध आणा, असं सांगितलं होतं. बाकीच्यांनी सर्दीखोकल्याचं काहीबाही आणलं होतं. हेल्मीनं हृदयाचे ठोके सावकाश करणाऱ्या गोळ्या आणल्या होत्या.

जोडीला गॉर्ड पेलेटिये होता. कागदाची गिरणी बंद पडली म्हणून साठीला टेकल्यावर पुन्हा बाकावर येऊन बसलेला. जोड्या लागल्या तेव्हा वर्गात हे दोघेच उरले होते.

काचपट्टीवरच्या थेंबात एक डाफ्निया होती. पाण्यातला जीव, तिळाएवढा, आरपार दिसणारा. सूक्ष्मदर्शकातून तिच्या पाठीजवळ हृदय धडधडताना दिसत होतं. गॉर्डनं घड्याळ लावलं. हेल्मी डोळा न हलवता एकेका ठोक्याला कागदावर टिंब काढत गेली. पंधरा सेकंदांत अठ्ठावन्न.

"आता तुमचं औषध, बाई." गॉर्डनं बाटली ताटलीत उपडी केली आणि शिकवल्याप्रमाणे पाच-पाच गोळ्या बाजूला सारत मोजल्या. मग लेबल डोळ्यांजवळ नेलं. "चार सप्टेंबरला तीस दिल्यात. रोज सकाळी एक. आणि उरल्यात सत्तावीस!" तो हसला. "तीन दिवस इमानदारीत घेतल्या, मग दिला नाद सोडून. माझा भाऊ अगदी अस्साच. कोण हा महाभाग?"

"पुन्हा मोजा," हेल्मी म्हणाली.

त्यानं मोजल्या. सत्तावीसच.

तिचा नवरा रेइनो सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी वारला. तो सगळा महिना ती रोज सकाळी शेगडीपाशी उभी राहून विचारायची, "गोळी?" आणि तो टेबलावरून म्हणायचा, "घेतली." बाटली उघडून बघायचं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. एकदा तो म्हणाला होता, हिच्यानं पाय जड होतात गं, बोटीत चढवत नाही. ती म्हणाली होती, "मग नको चढूस."

गॉर्डनं एक गोळी कुटून पाण्यात विरघळवली आणि त्यातला थेंब काचपट्टीवर सोडला. थोडा वेळ थांबून त्यानं पुन्हा घड्याळ लावलं. हेल्मी टिंबं काढू लागली. या वेळी तिला घाई करावी लागली नाही.

"एकेचाळीस!" गॉर्डनं टिंबं मोजून टेबलावर थाप मारली. "करतंय की काम!"

हेल्मीनं नळीवरचा डोळा उचलला नाही. घड्याळ थांबलं होतं, तरी ती बघत राहिली.

"बाई? लिहू ना एकेचाळीस?"

"लिहा."

तिचा आवाज ऐकून गॉर्ड जरा वरमला. गोळ्या एकेक करून बाटलीत भरत त्यानं विचारलं, "घरातलंच कुणी का?"

"हो."

"मग घरी गेल्यावर चांगलं झापा त्याला. दुसऱ्याचं ऐकत नाहीत असली माणसं."

"झापते," हेल्मी म्हणाली.

तिनं डाफ्निया स्वच्छ पाण्याच्या बरणीत सोडली, हात धुतले, कोट चढवला. आपल्याला कुणालातरी हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय असं तिला वाटत होतं, आणि ज्याला सांगायचं असा माणूस तिला एकच आठवत होता.

बाहेर सरोवरावरून बोचरा वारा सुटला होता. तिनं गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडलं, आत बसली, इंजिन सुरू केलं आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळली.

"खोटारड्या," ती म्हणाली.

गाडी गरम व्हायला दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ ती त्याला झापत होती.