उघड्या पोटाचा कॉम्प्युटर

शरयूने भाताचं पातेलं फरशीवर आदळलं. घरात जेवणाचं टेबल होतं, पण त्यावर गेली कित्येक वर्षं अच्युतरावांनी हाताने जुळवलेला कॉम्प्युटर पोट उघडं टाकून पसरला होता. चार बेरजा केल्या की तो तापायचा, आणि हे पुन्हा सोल्डरिंग गन घेऊन बसायचे.

"हा शहाणा धड बेरजा शिकेपर्यंत मला कवळी लागेल," ती म्हणायची. "निदान झाकण तरी लावा मेल्याला!"

"झाकण लावलं की संपलंच गं," ते हसायचे. रविवारी असलेच कॉम्प्युटर जुळवणारे रिकामटेकडे मित्र जमत, डब्यात डोकी खुपसून तिच्या चहाचा फडशा पाडत.

मग बाजारात तयार कॉम्प्युटर आले. एकेका मित्राने विकत घेतला आणि रविवार ओस पडले. एका सकाळी अच्युतरावांनी मुकाट्याने झाकण लावलं, सगळे स्क्रू पिळले आणि डबा माळ्यावर टाकला.

शरयूने मोठ्या दिमाखात टेबलावर ताटं मांडली. ते खाली मान घालून जेवले. आमटीत मीठ नव्हतं, तरी वाटी संपवून उठले.

दुसऱ्या दिवशी ते आंघोळ करून आले, तर डबा पुन्हा टेबलावर, आणि ती सुरीच्या टोकाने शेवटचा स्क्रू काढत होती.

"अगं, हे काय?"

"माळ्यावर पडून जळका वास मारतोय मेला," झाकण बाजूला भिरकावत ती फणकारली. "बघा काय झालंय ते. आणि पाट मांडा खाली, वाढतेय."