नुसरतचा भारा

इंदुरीच्या खुर्शीदाच्या गाईचं वासरू तापानं गेलं. "वांझेची नजर लागली," म्हणत तिनं धाकट्या जावेला, नुसरतला, गोठा बंद केला. नदीकाठचं हिरवं गवत रोज नुसरतच आणायची. मग गाईपुढं नुसता भाताचा पेंढा पडू लागला. पुढची दोन्ही वासरं मेलेलीच जन्मली.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "नुसत्या पेंढ्यानं गाईच्या अंगातलं तांबं, जस्त पार कमी झालंय. पावडर देतो, पण हिरवा चाराही सुरू करा."

खुर्शीदा ओशाळून नुसरतच्या दारात गेली. "उद्यापासनं गवत आणशील का गं?"

नुसरतनं पोटावर ओढणी ओढून घेतली. "न्हाई भाभी. तुमच्या गोठ्यात मेलेली वासरं जन्मत्यात. मला सातवा लागलाय," असं म्हणून तिनं दार लावून घेतलं.