नाव घेववेना

जरा पुढे सरकून बसा, मायबापहो. गोष्ट लहान आहे, मागे राहिलात तर निसटून जाईल.

सर्जापूर रोडवर राहणाऱ्या प्रमोदिनीबाई ख्रिस्ती प्रेमकथा लिहितात. बारा वर्षांचा त्यांचा नेम असा, की सकाळी आधी गुडघे टेकायचे, हातातल्या कादंबरीच्या नायक-नायिकेसाठी नावानिशी प्रार्थना करायची आणि मगच लिहायला बसायचं. आज दहा वाजता त्यांच्या यजमानांच्या, अजितरावांच्या, गाठीचा रिपोर्ट यायचा होता. तरी त्या गुडघ्यांवर आल्या.

"प्रभू, राजसला धीर दे. कस्तुरीचं मन वळव."

दाराशी अजितराव कॉफी घेऊन उभे होते. "त्या कागदावरच्या पोरांना रोज देवाच्या पायाशी नेतेस. आज स्वल्प माझीही वर्णी लाव की." ते हसत होते, पण नजर घड्याळाकडे होती.

बाईंनी तोंड उघडलं. शब्द फुटेना.

"का गं, नाव विसरलीस माझं?"

"नाही हो." बाई म्हणाल्या. "त्या दोघांचा शेवट मला ठाऊक असतो. म्हणून मागायला भीती वाटत नाही."

अजितरावांनी कप खाली ठेवला आणि तेही शेजारी गुडघ्यांवर बसले.

दहा अजून वाजायचे आहेत. बाईंच्या तोंडून नाव निघेल तेव्हा निघो. तोवर तुमच्या प्रार्थनेत तेवढं घ्या, मायबापहो: अजित.