पळपुट्या

पिंजऱ्यातून सारखा निसटणारा पळपुट्या ससा मेला, त्याच दिवशी बाळ जन्मलं. तेव्हापासून लेकीने पाळण्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आईच्या जिवाला घोर लागला होता.

"आजी म्हणते, जीव पुन्हा जन्म घेतो. शेजारच्या काकू म्हणतात, तो देवाच्या बागेत गेला, आता कायमचा तिथेच. खरं कुणाचं गं?"

"मला नाही माहीत, राणी."

पेंगुळलेल्या दुपारी लेक पहिल्यांदाच पाळण्यावर वाकली, तशी आई लगबगीने जवळ आली. सशाला खाजवायची तसं तिने बाळाला कानामागे हलकेच खाजवलं. झोपेतच बाळाचं नाक थरथरलं.

"आई, दोघींचंही खरं," ती कुजबुजली. "पळपुट्या तिथूनही पळाला."