फोटोभोवतीची काळी रेघ

साखरबाईनं पोरीच्या लग्नाचा बॅनर फरशीवर उलगडला आणि तिथंच थबकली. तिच्या मालकांच्या फोटोला चारी बाजूंनी काळी रेघ होती. बोटभर जाड.

"कुनी सांगितलं तुला?" तिचा आवाज एकदम खाली गेला.

"काय, मावशी?" सत्यजीत कॉम्प्युटरवरून उठला.

"ह्ये काळं. कुनी सांगितलं?"

"कुणी न्हाई. सॉफ्टवेअरच घालतंय आपोआप. काल काढली होती मी. तुम्ही फोटो बदलून दिला, तशी परत आली."

साखरबाई बाकड्यावर बसली. पदरानं मानेवरचा घाम टिपला. माघातली सकाळ होती. मग तिची जीभ ठिकाणावर आली.

"जित्या माणसाला चौकटीत घालतोस व्हय रं? शिरूरात दुकान थाटलंस, दारात पाटी लावलीस, आन् येवढी अक्कल न्हाई? उद्या पाव्हणं मांडवाच्या दारातनंच माघारी फिरायचं!"

सत्यजीत परत कॉम्प्युटरपुढं बसला. साखरबाईच्या वैष्णवीची ही तिसरी सोयरीक, हे साऱ्या इनामगावाला ठाऊक होतं. पहिल्या दोन मोडल्या. हे पाहुणे शकुन-अपशकुन फार बघणारे. सुपारीच्या दिवशी नारळ नासका निघाला, तर महिनाभर गप्प बसले होते. पोरीच्या बापाचं आजारपण तर त्यांना पहिल्यापासून खुपत होतं. घरात सुतक पडलं की लग्न वर्षावर गेलं, आणि वर्षभर थांबणाऱ्यातले ते नव्हते.

"नुसती पुसू नगं," साखरबाई म्हणाली. "मुळातनं काढ. अजून दोन बॅनर हायेत माझं."

"मागच्या आठवड्यात एक श्रद्धांजली केली. तवा ती रेघ चुकून कायमची ठरली बघा."

त्यानं कोरं पान उघडलं. रिकाम्या जागेवर क्लिक केलं आणि रेघेच्या खान्यात 'काही नाही' निवडलं. पडद्यावर एक चौकोन आला.

"विचारतंय, इथून पुढं सगळ्याच नव्या चित्रांना असंच ठेवू का."

"मग व्हय म्हण की. मुहूर्त बघतोस?"

त्यानं फोटो परत आणला. फेटा बांधलेले, भरल्या गालांचे भिमाजी आबा. भोवती काही नाही. आधी दिलेल्या फोटोत गालफडं बसली होती, म्हणून साखरबाईनं हा दहा वर्षांपूर्वीचा शोधून आणला होता.

मागच्या खोलीत मशीन घरघरू लागलं.

"आबा कसे हायेत आता?"

"निवांत हायेत."

"मळ्यातल्या खोलीवरच?"

"मग काय मांडवाच्या गोंगाटात ठिवू? डाक्टरनं माणूस भेटू द्यायचा न्हाई म्हणून सांगितलंय." तिनं कमरेची किल्ली चाचपली.

"उद्या लग्नाला येतोय, तवा पाया पडून जाईन."

"न्हाई!" मग सावकाश म्हणाली, "फोटोतनं देतील की आशीर्वाद. त्यासाठीच तर केलाय."

"चहा सांगू, मावशी?"

"नगं. खायचं-प्यायचं न्हाई मला आज."

"उपास?"

"तसंच समज."

बॅनर निघाले. तिन्ही तिनं नखानं खरवडून पाहिले. मग दुकानाच्या काचेत बघून कपाळावरचं कुंकू नीट केलं. आधीच ठसठशीत होतं, तरी आणखी ओढलं.

बाहेर हरिबा टेम्पो घेऊन उभा होता. मागं भुशात झाकलेल्या बर्फाच्या चार लाद्या.

"वहिनी, थंडीत येवढा बर्फ? कालच्या दोन कुठं गेल्या?"

"पाव्हण्यांना मठ्ठा लागतोय. समदी काय तुझ्यासारखी हातभट्टीवर भागवत्यात?"

हरिबा हसला. रस्ताभर तो बोलत राहिला. साखरबाई बॅनरची गुंडाळी छातीशी धरून बसली होती. मांडवापाशी तिनं बॅनर पोरांच्या हाती दिले, हळदीची भांडी घासणाऱ्या बायांना दोन शिव्या हासडल्या आणि टेम्पो मळ्याकडं घ्यायला लावला.

लाद्या तिनं खोलीच्या दारातच उतरवून घेतल्या. हरिबा आत न्यायला वाकला, तशी खेकसली, "जा मुकाट. झोपमोड करशील."

टेम्पो बांधाआड गेल्यावर तिनं कुलूप काढलं. एकेक लादी ओढत आत नेली आणि दाराला आतनं कडी घातली.

फरशीवर कालच्या लाद्यांचं पाणी झालं होतं. तिनं ते फडक्यानं टिपलं. नव्या लाद्या मालकांच्या दोन्ही अंगांना लावल्या, चादर त्यांच्या तोंडावरून सारखी केली आणि खाटेशी टेकली.

"उद्याच्या अक्षता तेवढ्या पडू द्या, धनी," ती म्हणाली. "मग रडते."