खोलून दाखव

रियाच्या नखांत काळं ग्रीस होतं, कोपर खरचटलेलं होतं, आणि तरी नववीचा अख्खा वर्ग तिच्याच टेबलाला चिकटला होता.

रुचिता आपल्या टेबलाशी एकटी उभी होती. विज्ञान प्रदर्शनाला आठ दिवस उरले होते. सहावीपासून सलग तीन वर्षं पहिला नंबर तिचाच. यंदाही सगळ्यांत देखणं यंत्र तिचंच होतं. पांढरा गुळगुळीत डबा, वर लाल-हिरवे दिवे, शेजारी तुळशीची कुंडी. माती सुकली की डब्यातला पंप आपोआप सुरू व्हायचा. पप्पांनी तो डबा गाडीतून उतरवून दोन्ही हातांवर धरून वर्गापर्यंत आणला होता. त्याची माहिती रुचिताला मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत पाठ होती.

आणि रियाचं काय, तर जुन्या सायकलचा सांगाडा! पेडल मारलं की तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पाती गरगर फिरायची आणि वरून सोडलेल्या भातातलं तूस, पोचट दाणे लांब उडून जायचे. पण विज्ञानाचे सर तिथे अर्धा तास रेंगाळले होते. "हे कर्जतच्या बाजारात चालेल गं!" असं म्हणाले होते. रुचिताच्या दिव्यांना ते नुसतं "छान" म्हणाले. ते 'छान' तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं.

मधल्या सुट्टीत रियाच तिच्याकडे आली.

"रुचिता, आतून दाखव ना गं. माती सुकली हे पंपाला कळतं कसं?"

"हात लावू नको. सेटिंग बिघडेल."

"नाय लावत. नुसती बघते."

"प्रदर्शनात बघ," म्हणत रुचिता रुमालाने डबा पुसू लागली.

रिया हसून निघून गेली. हिला साधा रागही येत नाही, या गोष्टीचाच रुचिताला जास्त राग आला.

एवढ्याशा पोरीला हे सगळं जमलंच कसं? शक्य नाही, रुचिताने मनाशी ठरवून टाकलं. कुणीतरी करून दिलं असणार. रियाच्या मामाचं, कमळ्याचं, कोंडाणे गावाच्या रस्त्याला गॅरेज होतं, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर रिया सांगाडा टेंपोत टाकून गॅरेजवर गेली. रुचिता मागोमाग रिक्षाने गेली आणि समोरच्या वडापावच्या गाडीआड उभी राहिली. जे पाहायला आली होती ते तिला लगेच दिसलं. मामा डोळ्यांवर काळा चष्मा चढवून स्टँडला वेल्डिंग मारत होता आणि रिया तोंड फिरवून बाजूला उभी होती.

मग मामाने चष्मा काढला आणि तो दुसऱ्याच्या मोटरसायकलकडे वळला.

"मामा, पातं घासतंय रं!"

"मंग बघ की तुझं तू. मी नाय हात लावायचा."

त्यानंतर तासभर रिया एकटी पाती वाकवत, पेडल मारून बघत, पुन्हा वाकवत बसली होती. रुचिताने तेही पाहिलं. पण घरी परतताना तिने मनात फक्त वेल्डिंग करणारा मामाच ठेवला.

सोमवारी शाळेच्या तक्रारपेटीत डाव्या हाताने लिहिलेली चिठ्ठी पडली. 'रियाचं मशीन तिच्या गॅरेजवाल्या मामाने बनवलं आहे. मशीन ज्याने केलं त्यालाच बक्षीस मिळावं. – एक विद्यार्थी.'

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृह पालकांनी भरलं. परीक्षक होते भोईर साहेब, वीजकेंद्रातून निवृत्त झालेले इंजिनीअर. ते थेट रियाच्या टेबलाशी गेले. त्यांच्या हातात ती चिठ्ठी होती.

"बाळ, तक्रार आलीय. हे मशीन खोलून पुन्हा जोडून दाखवशील?"

रियाचा चेहरा पडला. दाराशी उभा असलेला कमळ्यामामा पुढे यायला लागला, तसं सरांनी त्याला हाताने थांबवलं.

"वेल्डिंग मामानी केलंय," रिया म्हणाली. "ते मला करू देत नाय. बाकी मीच केलंय."

तिने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि पाना उचलला. चेन निघाली, पेडल निघालं, पाती निघाली. नट-बोल्ट ओळीने मांडले गेले. मग उलट्या क्रमाने सगळं पुन्हा चढू लागलं. मध्येच चेन अडकली, पुढे सरकेना. रुचिता टाचा उंचावून बघू लागली. अडकू दे, अशीच अडकू दे! रियाने चेन काढली, उलटी करून पाहिली, पुन्हा बसवली, वरून मूठभर भात सोडला आणि पेडल मारलं. पाती भणाणली. सगळं तूस साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर जाऊन बसलं.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. कमळ्यामामा बाहीने डोळे पुसू लागला. सगळ्यांत शेवटी रुचितानेही टाळ्या वाजवल्या.

साहेबांनी हसत शर्ट झटकला आणि चिठ्ठी उंच धरली.

"ज्याने हे लिहिलं त्याचं म्हणणं मला पटलं. मशीन ज्याचं त्यानेच केलेलं असावं. पण मग नियम एकट्या रियालाच का? आता सगळ्यांनी खोलायचं."

ते रुचिताच्या टेबलाशी आले आणि त्यांनी स्क्रू ड्रायव्हर तिच्यापुढे धरला. "तुझ्यापासून सुरुवात करू. सावकाश उघड, घाई नाही."

रुचिताने गर्दीत पप्पांना शोधलं. ते खिडकीपाशी मोबाईल कानाला लावून उभे होते. तिची नजर भेटताच ते वाट काढत आले आणि पाण्याची बाटली द्यायचं निमित्त करून तिच्या कानाशी वाकले.

"उचलत नाय गं," ते कुजबुजले. "ज्याच्याकडून बनवून आणलं, तो कल्याणचा दुकानवाला फोनच उचलत नाय."